सागरी प्लॅस्टिकचे मोजमाप

समुद्रात प्लॅस्टिक किती, कोठे व केव्हापासून आहे, हे नमुने घेऊन ठरविण्याची पद्धती. यांतील ‘केव्हापासून’ या प्रश्नाचे भरवशाचे उत्तर मिळाले ते प्लॅस्टिकसाठी न घडविलेल्या एका उपकरणामुळे.

ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञ अ‍ॅलिस्टर हार्डी यांनी प्लवकांच्या, म्हणजे पाण्याबरोबर वाहणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या, गणतीसाठी सलग प्लवकनोंदक तयार केला. १९३१ पासून व्यापारी जहाजे आपल्या नेहमीच्या मार्गांवर तो मागे ओढत नेतात. साधारण ७ ते १० मी. खोलीवर पाणी त्याच्या लहानशा तोंडातून आत शिरते. त्याच प्रवाहाने फिरणारा पंखा रेशमी जाळीची पट्टी हळूहळू पुढे सरकवितो. जाळीवर अडकलेले सारे दुसऱ्या रेशमी पट्टीखाली दाबले जाऊन फॉर्मॅलिनमध्ये गुंडाळले जाते. पट्टीचा एकेक तुकडा म्हणजे सुमारे १८.५ किमी. प्रवासाची नोंद.

या पट्ट्या जपून ठेवल्या गेल्या, हे या विषयाचे मोठे भाग्य. सागरी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड टॉम्पसन व सहकाऱ्यांनी अ‍ॅबर्डीन–शेटलंड व सूल स्केरी–आइसलँड या मार्गांवरील जुन्या पट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या. १९६०–७० च्या दशकांपेक्षा १९८०–९० च्या दशकांत प्लॅस्टिकचे कण लक्षणीय वाढलेले दिसले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधामुळे ‘मायक्रोप्लॅस्टिक’ हा शब्द रूढ झाला. आज ५ मिमी. पेक्षा लहान तुकड्यांना तो लावतात. नोंदकात काही गुंतून काम अडले, की तसा शेराही वहीत लिहिला जाई. केवळ अडचण म्हणून टिपलेल्या त्या शेऱ्यांतून १९५७ मधील मासेमारीचा दोर आणि १९६५ मध्ये आयर्लंडच्या वायव्येस सापडलेली प्लॅस्टिकची पिशवी उजेडात आली.

पद्धतीला मर्यादा आहेत. नोंदक पृष्ठभागाखालून जात असल्याने तरंगता कचरा त्याला बराचसा चुकतो. त्यासाठी सुमारे ०.३३ मिमी. छिद्रांची जाळी पृष्ठभागावर ओढतात. जाळीच्या छिद्रांहून बारीक कण दोहोंतून बहुतांशी निसटतात. प्रयोगशाळेतील कपड्यांचे धागेही नमुन्यात पडू शकतात, म्हणून संशयित कणाचे रसायन अवरक्त वर्णपटाने तपासल्याशिवाय त्याची गणना करू नये.

पृष्ठभागावर तरंगणारे प्लॅस्टिक २०१४ मधील एका अंदाजानुसार सुमारे २.६९ लाख टन आहे. एकट्या २०१० मध्ये जमिनीवरून समुद्रात गेलेल्या प्लॅस्टिकचा अंदाज मात्र ४८ लाख ते १.२७ कोटी टन आहे.