फोर्ब्जच्या ग्रंथातील ‘करमूर’

सुरतेचे नाव निघाले की मराठी इतिहासाच्या अभ्यासकास शिवछत्रपतींच्या दोन स्वाऱ्या आठवतात आणि मागोमाग ६ मार्च १७७५ चा राघोबादादांचा तह. ह्या तहान्वये दादांच्या साह्यार्थ निघालेल्या इंग्रज फौजेत कर्नल कीटिंगचा खाजगी चिटणीस म्हणून जेम्स फोर्ब्ज हा पंचवीस-सव्वीस वर्षांचा तरुण होता. अडासच्या लढाईसाठी त्याचे लेखन आपण चाळतो. पण हाच चिटणीस पक्षी रंगवीत असे, ह्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

फोर्ब्ज १७६६ मध्ये मुंबईस आला. पुढे भडोच व डभई येथे त्याने कंपनीची चाकरी केली आणि १७८३ मध्ये ते प्रांत मराठ्यांकडे आल्यानंतर तो स्वदेशी परतला. ‘ओरिएंटल मेमॉयर्स’ हा त्याचा चार खंडांचा ग्रंथ लंडनमध्ये १८१३ साली निघाला. त्यातील पक्ष्यांची चित्रे हाताने रंगविलेली आहेत. १८३१ च्या सुमारास जॉन गूल्ड ह्याने हिमालयातील शंभर पक्ष्यांचा प्रख्यात चित्रग्रंथ काढला. त्याची पत्नी एलिझाबेथ हिने ती चित्रे लंडनमध्ये बसून, वाळलेल्या कातड्यांवरून काढली. रेखाटनाची सफाई तिच्याकडे अधिक, हे उघड आहे. तरीही आम्हांस फोर्ब्ज अधिक मोलाचा वाटतो, कारण तो ह्या मुलखात राहिला आणि येथील नावे त्याच्या कानांवर पडली.

एकच उदाहरण घेऊ. फोर्ब्ज ‘करमूर’ नावाच्या पक्ष्याचा उल्लेख करतो, आणि त्याच्या मांसाच्या चवीची तोंडभर स्तुती करतो. (कंपनीच्या साहेबांचे पक्षिशास्त्र पुष्कळदा ताटापासूनच सुरू होई!) त्यापुढे तो जे लॅटिन नाव देतो, ते हुबाऱ्याचे, म्हणजे वाळवंटी प्रदेशातल्या निराळ्याच पक्ष्याचे आहे. शास्त्रीय नाव चुकले. ऐकीव नाव मात्र अचूक राहिले. करमूर म्हणजे गुजरातीतला खडमोर. खड म्हणजे गवत. तेव्हा हा आपला तणमोरच. दोन भाषांनी एकाच पाखरास एकाच अर्थाचे नाव द्यावे, हे मोठे हृद्य आहे. खानदेशातून येऊन सुरतेच्या गोडादरा-लिंबायत भागांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांना दोन्ही शब्द सांगावेत. त्यांना ते परके वाटणार नाहीत. पाखरू मात्र दाखविता येणे कठीण. माळराने नांगरली गेली आणि तणमोर आज अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत गणला जातो.

दख्खनमध्ये कर्नल साइक्सने असेच केले. १८३२ च्या त्याच्या यादीतील ‘रामा’, ‘देवा’ ही नावे पक्षिशास्त्रात अद्याप रूढ आहेत.

अशा ग्रंथांवर खरे संकट वाळवीपेक्षा बाजाराचे आहे. चित्रांची पाने सुटी करून चौकटीत विकली, तर अखंड प्रतीपेक्षा अधिक पैसा मिळतो. मग उरलेला मजकूर कोण जपणार? फोर्ब्जच्या कन्येने १८३४-३५ मध्ये काढलेल्या दुसऱ्या आवृत्तीत तर चित्रे मुळातच वेगळ्या खंडात गेली. चित्र भिंतीवर राहते, आणि ‘करमूर’ हा शब्द रद्दीत जातो. ज्या महाविद्यालयांच्या वा संस्थानी ग्रंथसंग्रहांत ह्या ग्रंथाची प्रत असेल, तेथील प्राध्यापकांनी पक्ष्यांची देशी नावे, ग्रंथकाराने लिहिली त्याच रूपात, पृष्ठांकांसह उतरवून घ्यावीत. दोन-तीन विद्यार्थी हाताशी असले तर हे काम एका सुट्टीत होण्यासारखे आहे.