संगणकापासून पडद्यापर्यंत

सभागृह भरलेलें आहे, वक्ते आलेले आहेत, अध्यक्षांचें प्रास्ताविकहि आटोपलें आहे. पण पडद्यावर एका निळ्या चौकटीखेरीज कांहींच उमटत नाहीं, असा प्रसंग आपल्यापैकीं बहुतेकांनीं पाहिला असेल. मग दोनतीन उत्साही गृहस्थ व्यासपीठावर चढतात, कोणी संगणक बंद करून पुन्हां सुरू करतो, कोणी पिशवींतून तारांचा गुंता बाहेर काढतो, आणि चाळीस मिनिटांचें व्याख्यान पंचवीस मिनिटांत उरकावें लागतें. पुष्कळदां दोष संगणकाचा नसतो आणि प्रोजेक्टरचाहि नसतो. त्या दोहोंमधील केबल तेवढी चुकीची असते. ही गफलत इतकी वारंवार कां घडते, याचें उत्तर यंत्रशास्त्रापेक्षां इतिहासांत अधिक सांपडतें. गेल्या अर्ध्या शतकांत निरनिराळ्या लोकांनीं निरनिराळ्या हेतूंनीं या केबली घडविल्या, आणि जुन्या केबली नाहींशा न होतां नव्यांच्या शेजारीं तशाच नांदत राहिल्या.

पडद्यावर चित्र पाडण्याची हौस आपल्याकडे नवी नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनीं आणि त्यांच्या मुलांनीं शांबरिक खरोलिकेचे खेळ लोकांना दाखविले. कांचेवर रंगविलेलें चित्र दिव्यापुढें धरावयाचें आणि भिंगांतून तें पडद्यावर मोठें करून पाडावयाचें, अशी ती योजना. तेथें केबलचा प्रश्नच नव्हता. चित्र आणि दिवा एकाच पेटींत होते. चित्र एका यंत्रांत आणि दिवा दुसऱ्या यंत्रांत अशी फारकत झाली, तेव्हां हा प्रश्न जन्मास आला.

संगणकाचें चित्र मोठ्या पडद्यावर नेण्याचा एक आरंभींचा आणि अतिशय गाजलेला प्रयोग ९ डिसेंबर १९६८ या दिवशीं अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को शहरीं झाला. डग्लस एंगलबार्ट या संशोधकानें सुमारें हजार तज्ज्ञांपुढें दीड तास आपल्या संगणकाचे गुण दाखविले. आज घरोघरीं असलेला ‘माउस’ त्या दिवशीं प्रथमच अशा जाहीर सभेंत दिसला. परंतु संगणक त्या सभागृहांत नव्हताच. तो सुमारें तीस मैल दूर, मेन्लो पार्क येथील संशोधन-संस्थेंत होता. त्याचें चित्र तेथें एका लहानशा कांचनळीवर उमटे. त्या नळीकडे तोंड करून टेलिव्हिजनचा कॅमेरा बसविलेला होता. कॅमेऱ्यानें टिपलेलें दृश्य सूक्ष्मलहरींच्या साहाय्यानें सभागृहाकडे पाठविलें जाई. आणि तेथें ‘आयडोफोर’ नांवाचा प्रचंड प्रोजेक्टर तें पडद्यावर टाकी. हा आयडोफोर झुरिकचे प्राध्यापक फ्रिट्झ फिशर यांच्या कल्पनेंतून निघालेला. तेलाच्या पातळ थरावर इलेक्ट्रॉनांच्या झोतानें सुरकुत्या उठवावयाच्या आणि त्यांवरून प्रखर दिव्याचा प्रकाश पडद्याकडे वळवावयाचा, अशी त्याची करामत होती. संगणकाच्या पडद्याचें चित्र पुन्हां कॅमेऱ्यानें टिपावें, हा द्राविडी प्राणायाम आज हास्यास्पद वाटेल. पण त्यावेळीं संगणक आणि प्रोजेक्टर यांना समजेल अशी सामाईक भाषाच नव्हती. टेलिव्हिजनची भाषा तेवढी तयार होती, ती उसनी घेतली.

पुढें घरगुती संगणक आले, त्यांनींहि हेंच केलें. १९७७ मधील ॲपल-२ सारख्या यंत्रांस टेलिव्हिजनच्या पद्धतीचें चित्र देतां येत असे. रंग, तेज, आणि प्रत्येक ओळ केव्हां सुरू करावयाची याची खूण, हें सारें एकाच तारेंतून मिसळून पाठविण्याच्या या पद्धतीस कॉम्पोझिट म्हणतात. पिवळ्या रंगाचा गोल प्लग ही तिची ओळख. तो प्लग मुळांत चित्रासाठीं नव्हेच. अमेरिकेंतील रेडिओ कॉर्पोरेशननें १९३० नंतरच्या दशकांत ग्रामोफोनचा आवाज रेडिओंत नेण्यासाठीं तो काढला होता. आजोबांच्या रेडिओग्रामचा प्लग नातवाच्या प्रोजेक्टरवर अजून कधीं कधीं दृष्टीस पडतो. चित्रपट पाहण्यापुरती ही केबल चालते. परंतु बारीक अक्षरें तिच्यांतून गेलीं म्हणजे पुसट होतात आणि त्यांच्या कडांना भलतेच रंग फुटतात. कोष्टकें दाखवावयाचीं असतील त्यानें त्या पिवळ्या प्लगच्या वाटेस जाऊं नये.

आतां या कथेंतील सर्वांत रंजक वळणाकडे येऊं. १९८१ मध्यें आय. बी. एम. कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक बाजारांत आणला. त्याच्या रंगीत चित्रासाठीं चार तारा होत्या : तांबड्या, हिरव्या आणि निळ्या रंगाची एकेक, आणि चौथी तेजाची. प्रत्येक तार ‘आहे’ किंवा ‘नाहीं’ एवढेंच सांगे. म्हणून चार तारांचे मिळून सोळा रंग होत. १९८४ मध्यें प्रत्येक रंगास दोन दोन तारा दिल्या. एकूण सहा तारा आणि चौसष्ट रंग. हाच हिशेब पुढें चालविला असता तर अडीच लाख रंगांसाठीं अठरा तारांची जाडजूड केबल लागली असती! तेव्हां २ एप्रिल १९८७ या दिवशीं आय. बी. एम. नें जी नवी पद्धत जाहीर केली, तिच्यांत त्यांनीं ही वाटच सोडून दिली. पुन्हां रंगास एकच तार. पण ती ‘आहे’ अथवा ‘नाहीं’ न म्हणतां ‘किती’ तें सांगणारी. विद्युद्दाब शून्यापासून सुमारें ०·७ व्होल्टपर्यंत चढेल तसा रंग उजळेल. संगणकाच्या आंत प्रत्येक रंगाच्या चौसष्ट पायऱ्या ठेवल्या होत्या. तीन रंगांच्या मिळून २,६२,१४४ छटा झाल्या. हीच व्ही. जी. ए. पद्धत. पूर्वीच्या नऊ पिनांच्या जोडाएवढ्याच आकारांत तीन ओळींत पंधरा पिना बसविल्या, आणि तो दोन मळसूत्रांचा निळा जोड पुढें तीस वर्षें जगभरच्या सभागृहांत वावरला. अंकांच्या भाषेकडून सलग बदलणाऱ्या दाबाच्या भाषेकडे, म्हणजे डिजिटलकडून ॲनालॉगकडे टाकलेलें हें पाऊल मागें पडलेलें नव्हतें. त्या काळच्या कांचनळीच्या पडद्यास तीच भाषा स्वाभाविक होती.

परंतु त्याच १९८७ सालीं टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या कंपनींत लॅरी हॉर्नबेक हे शास्त्रज्ञ सूक्ष्म आरशांची एक चकती सिद्ध करीत होते. प्रत्येक आरसा एका ठिपक्यासाठीं. तो दिव्याचा प्रकाश एक तर पडद्याकडे टाकणार, नाहीं तर बाजूला. अशा चकत्यांचे आणि द्रवस्फटिकांचे प्रोजेक्टर प्रचारांत आले, तेव्हां एक चमत्कारिक स्थिति उत्पन्न झाली. संगणक ठिपक्यांचे अंक मोजणारा, प्रोजेक्टरहि ठिपके मोजणारा; आणि मधली केबल मात्र ठिपके न जाणणारी! संगणकानें अंकांचा दाब करावयाचा, प्रोजेक्टरनें त्या दाबाचे पुन्हां अंक करावयाचे. हें करतांना त्याची मोजणी किंचित् मागेंपुढें झाली कीं अक्षरें थरथरतात आणि उभ्या पट्ट्या दिसतात. प्रोजेक्टरवर ‘ऑटो’ नांवाची कळ असते ती पुष्कळदां याच दुखण्यावर.

या केबलमध्यें आणखी एक बारकावा आहे. १९९४ मध्यें पडद्याच्या यंत्रांनीं स्वतःची माहिती संगणकास कळवावी अशी सोय ठरली. आपण किती ठिपक्यांचे, किती ओळींचे, हें प्रोजेक्टर १२८ बाइटांच्या एका लहानशा टिपणांत सांगतो. हें टिपण पंधरांपैकीं ज्या पिनांमधून जातें, त्यांच्या तारा कांहीं स्वस्त केबलींत घातलेल्याच नसतात. मग संगणक अंदाजानें चालतो आणि चित्र ताणलेलें अथवा कापलेलें येतें. लोक प्रोजेक्टरला नांवें ठेवतात. बिचाऱ्याचें म्हणणें संगणकापर्यंत पोहोंचलेलेंच नसतें.

१९९९ मध्यें कांहीं संगणक-कंपन्यांनीं मिळून डी. व्ही. आय. हा जोड काढला. आतां तीन रंगांचे अंक पिळलेल्या तारांच्या तीन जोड्यांतून एकामागून एक धांवत, आणि चौथी जोडी त्यांस ताल देई. १९८७ मध्यें अठरा तारांची जी भीति होती ती वेगानें घालविली. त्याच बीजांतून डिसेंबर २००२ मध्यें एच. डी. एम. आय. निर्माण झाली. सोनी, फिलिप्स, तोशिबा, हिताची, मात्सुशिता, थॉमसन आणि सिलिकॉन इमेज या सात कंपन्या तिच्या जनक. त्यांतील बहुतेक घरगुती करमणुकीचीं यंत्रें विकणाऱ्या, म्हणून त्यांनीं चित्राबरोबर ध्वनीहि त्याच केबलमध्यें घातला आणि मळसूत्रें काढून टाकलीं. ओढतांच केबल निसटते ती यामुळें.

या करमणुकीच्या संसर्गानें केबलला एक नवा धर्म लागला, आणि तो मला फारसा रुचत नाहीं. चित्रपटाची नक्कल कोणी करूं नये म्हणून इंटेल कंपनीनें एक कुलूप तयार केलें. संगणक केबलमधून प्रोजेक्टरची ओळख विचारतो. ती पटली नाहीं तर चित्र देत नाहीं. चित्रपट-निर्मात्यांचें हित रास्त आहे, हें खरें. पण रीतसर पैसे भरून आणलेला बोधपट जुन्या प्रोजेक्टरवर वर्गांतील मुलांना दाखवूं गेल्यास पडदा काळा राहतो, तेव्हां शिक्षा भलत्यालाच होते. जुनी तार आंधळी होती; जें दिलें तें ती मुकाट्यानें पोहोंचवी.

पुढील इतिहास त्वरेनें सांगतां येईल. २००६ मध्यें डिस्प्लेपोर्ट आली. डिसेंबर २०१० मध्यें इंटेल, ए. एम. डी., डेल, लेनोव्हो आदि कंपन्यांनीं व्ही. जी. ए. ला क्रमाक्रमानें निरोप देण्याचें जाहीर केलें; इंटेल आणि ए. एम. डी. यांनीं त्यासाठीं २०१५ ची मुदत धरली. २०१४ मध्यें यू. एस. बी.-सी हा चपटा, उलटसुलट कसाहि बसणारा जोड निघाला. त्यांतून चित्र जाऊं शकतें. मात्र दोन गोष्टी पाहाव्या लागतात. कांहीं संगणकांच्या या खोबणींतून वीज आणि माहिती जाते, चित्र जात नाहीं. आणि दूरध्वनि भारित करण्यासाठीं मिळणाऱ्या साध्या केबलमध्येंहि चित्राच्या तारा बहुधा नसतात. आकार एक आणि सामर्थ्य निराळें, असा हा जोड आहे.

तेव्हां केबल निवडतांना प्रथम संगणकाकडे पाहण्याची जी रीत आहे ती उलटी आहे. आधीं प्रोजेक्टरची पाठ पाहावी, कारण तो भिंतीस किंवा छतास जखडलेला असतो. संगणक पाहुण्यागणिक बदलतो. दोन्हीकडे एच. डी. एम. आय. असेल तर प्रश्न मिटला. संगणकावर डिस्प्लेपोर्ट आणि प्रोजेक्टरवर एच. डी. एम. आय. असेल तर त्या दिशेचा जोड सहज मिळतो. परंतु तोच जोड उलट दिशेनें सहसा चालत नाहीं. संगणक नवा आणि प्रोजेक्टरवर केवळ व्ही. जी. ए. असेल, तर नुसत्या तारांनीं भागत नाहीं. अंकांचा दाब करणारी लहानशी डबी मध्यें लागते, आणि ध्वनीची तार निराळी न्यावी लागते.

शेवटीं लांबी. पूर्ण एच. डी. चित्रांत सुमारें २० लाख ७४ हजार ठिपके असतात आणि तें दर सेकंदास साठ वेळां पाठवावें लागतें. चांगल्या एच. डी. एम. आय. केबलनें तें दहा मीटरपर्यंत बहुधा सुखरूप जातें. त्याच्या चौपट ठिपक्यांचें चित्र असेल तर चार-पांच मीटरपलीकडे साध्या केबलवर विसंबूं नये. व्ही. जी. ए. चें चित्र लांबीबरोबर हळूहळू अंधुक होत जातें; डिजिटल चित्र प्रथम चांदण्यांसारखे ठिपके मारतें आणि मग एकदम नाहींसें होतें. जोडांवर सोन्याचा मुलामा देऊन दुप्पट किंमत घेतात, त्यानें चित्राचे रंग खुलत नाहींत. अंक पोहोंचले तर पूर्ण पोहोंचतात. लांब सभागृहासाठीं कांचतंतूच्या केबली मिळतात, पण त्यांचें एक टोंक संगणकाचें व दुसरें पडद्याचें असें ठरलेलें असतें. छतांतून ओढण्यापूर्वीं तें पाहून घ्यावें, नाहीं तर सगळी केबल पुन्हां उपसावी लागते. २०१० पासून संगणकांच्या जाळ्यासाठीं वापरतात तसल्या तारेवरून शंभर मीटरपर्यंत चित्र नेण्याचीहि पद्धत निघाली आहे; तिला दोन्ही टोंकांस एकेक पेटी लागते. अशी नवी तार घालतांना नळींतील जुनी व्ही. जी. ए. केबल मात्र ओढून फेकूं नये. प्रोजेक्टरला ती खोबण आहे तोंवर, एखादे दिवशीं जुना संगणक घेऊन आलेल्या पाहुण्यास तीच उपयोगीं पडेल.