आकडा कोणी वाचायचा?

इंजिन किती जोर लावते हे मोजायचे साधन जगाला दोनशे वर्षांपासून ठाऊक आहे. गास्पार द प्रोनी या फ्रेंच अभियंत्याने १८२१ मध्ये फिरत्या शाफ्टला लाकडी ठोकळ्यांची पकड बसवली, पकडीला लांब दांडा जोडला आणि त्याच्या टोकाला वजने टांगून तो आडवा तोलून धरला. वजन, दांड्याची लांबी आणि मिनिटाला होणारे फेरे एवढे हाती आले की शक्तीचा हिशेब मांडता येतो. पुढे जहाजांच्या अवाढव्य इंजिनांचा जोर ठोकळ्यांना पेलवेना, तेव्हा विल्यम फ्रूड यांनी १८७७ मध्ये ब्रिटिश नौदलासाठी पाण्याचा ब्रेक रचला. त्यात इंजिनाची सारी शक्ती पाणी घुसळण्यात खर्ची पडते आणि उष्णता वाहत्या पाण्याबरोबर निघून जाते. म्हणजे विसावे शतक उजाडण्याआधीच साधन पक्के झाले होते. तरीही १९१० च्या दशकात अमेरिकेतला शेतकरी ट्रॅक्टर घेताना सर्रास फसत होता. मोजता येत असूनही खरा आकडा गिऱ्हाइकापर्यंत का पोचत नव्हता? माझ्या मते कारण एकच: शक्ती मोजणारे हे साधन, म्हणजे डायनॅमोमीटर, ट्रॅक्टर विकणाऱ्याच्या आवारात होते, आणि तिथे निघालेला आकडा सांगायचा की झाकायचा हे तोच ठरवत होता.

याचा सर्वांत बोलका पुरावा नेब्रास्का राज्यात मिळतो. विल्मट क्रोझियर या तिथल्या शेतकऱ्याने ‘फोर्ड’ नावाचा ट्रॅक्टर घेतला. हेन्री फोर्ड यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मिनियापोलिसच्या एका कंपनीने फोर्ड आडनावाचा माणूस सोबत घेऊन ते नाव वापरले होते. तो ट्रॅक्टर चालेना. दुसऱ्या कंपनीचा घेतला, तोही कुचकामी निघाला. तिसरा मात्र सांगितल्याहून जास्त काम करू लागला, आणि हीच गोष्ट मला महत्त्वाची वाटते. चांगला माल बाजारात होता, पण चांगला आणि वाईट दोन्ही सारख्याच दाव्यांनिशी विकले जात होते. त्या काळी ट्रॅक्टरच्या नावापुढे १२-२५ असे दोन आकडे असत. पहिला नांगर ओढण्याची अश्वशक्ती सांगे, दुसरा पट्ट्यावर मळणी यंत्र फिरवण्याची. हे आकडे कंपनीच ठरवत असे. क्रोझियर विधिमंडळात निवडून गेले आणि १९१९ मध्ये कायदा झाला: राज्य विद्यापीठात तपासल्याशिवाय कोणतेही नवे मॉडेल नेब्रास्कात विकता येणार नाही, निकालातला सोयीचा तुकडा तेवढा उचलून जाहिरात करता येणार नाही, आणि सुट्या भागांचा साठा राज्यातच ठेवावा लागेल. ही शेवटची अट मला फार शहाणपणाची वाटते, कारण बंद पडलेल्या ट्रॅक्टरची अश्वशक्ती शून्यच असते. १९२० च्या वसंतात लिंकन शहरात ‘वॉटर्लू बॉय’ हा १२-२५ चा ट्रॅक्टर चाचणी पूर्ण करणारा पहिला ठरला.

यावर कोणी म्हणेल की निकृष्ट कंपन्या चाचणीने नव्हे, बाजारानेच संपवल्या. यात तथ्य आहे. १९२० नंतर शेतमालाचे भाव कोसळले, १९२२ मध्ये हेन्री फोर्ड यांनी आपला फोर्डसन ट्रॅक्टर ३९५ डॉलरवर आणला, आणि या दुहेरी माऱ्यात अनेक कारखाने बुडाले. पण भावाची लढाई स्वस्त माल टिकवते. दावा खरा की खोटा हे तिच्यातून कळत नाही. शिवाय कायदा एका राज्यापुरता असूनही त्याचे अहवाल राज्याबाहेरचे शेतकरी वाचू लागले, आणि १९५९ मध्ये युरोपीय आर्थिक सहकार्य संघटनेने (ओईईसी, म्हणजे पुढची ओईसीडी) ट्रॅक्टर चाचणीची आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली. नुसत्या भावयुद्धातून अशी व्यवस्था उभी राहिली नसती.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: चाचणीचा कट्टा म्हणजे शेत नव्हे, रस्ताही नव्हे. अमेरिकी मोटार कंपन्या १९७० च्या सुमारापर्यंत इंजिन उघडे ठेवून, त्याचे पंखे आणि गाडीतली नेहमीची एक्झॉस्ट व्यवस्था बाजूला काढून मोजत. १९७२ च्या मॉडेलांपासून ही सारी जोडणी लावून मोजलेला आकडा सांगण्याची पद्धत रुळली, तेव्हा छापील अश्वशक्ती एकदम खाली आली. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या तर आपण रोलरवर चाचणी देत आहोत हे ओळखून धूर आवरत. रस्त्यावर मोजणाऱ्या संशोधकांमुळे २०१५ मध्ये ते उघड झाले. या दोन्ही प्रकरणांत डायनॅमोमीटरने चुकीचे काहीच सांगितले नाही. पहिल्यात मोजण्याच्या अटी विकणाऱ्याला सोयीच्या होत्या, दुसऱ्यात त्या त्याला आधीच पाठ होत्या. म्हणून यंत्राबरोबर चाचणीच्या अटीही विकणाऱ्याच्या हातून काढून घ्याव्या लागतात, आणि गरज पडेल तेव्हा कट्टा सोडून रस्त्यावर उतरून मोजावे लागते.

आपल्याकडे हा प्रश्न जुना झालेला नाही. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते. तिच्या अहवालात पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यावर, प्रत्यक्ष किती अश्वशक्ती मिळाली हे नोंदलेले असते. महाराष्ट्रातला शेतकरी मात्र ट्रॅक्टर घेताना बहुधा इंजिनाचा एचपी ऐकतो आणि त्यावरच सौदा ठरतो. रोटाव्हेटर चालतो पीटीओवर, आणि वाटेत गिअरमध्ये शक्ती खर्च होत असल्याने तिथला आकडा कमीच असतो. पीटीओचा हा आकडा दुकानातल्या भावफलकावर, किमतीच्या शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरात लावण्याची सक्ती व्हायला हवी.