४९ लढती, ४९ विजय: रॉकी मार्सियानोचा नंबर नेमका कितवा?

हेवीवेट बॉक्सिंगमध्ये आजवर एकच विश्वविजेता असा झाला, जो एकदाही न हरता, एकही लढत बरोबरीत न सोडता निवृत्त झाला आणि नंतर पैशासाठी पुन्हा रिंगमध्ये उतरला नाही. तो म्हणजे अमेरिकेचा रॉकी मार्सियानो. ४९ लढती, ४९ विजय, त्यातले ४३ नॉकआउट. तरीही सर्वकालीन श्रेष्ठ हेवीवेट बॉक्सरांची यादी निघाली की पहिल्या दोन जागा बहुतेक वेळा मोहम्मद अली आणि जो लुईस यांच्या असतात. अली पाच वेळा हरला, लुईस तीन वेळा. मग न हरलेला माणूस खाली का?

आपल्या बेळगाव-कोल्हापूर भागातल्या तालमीत वाढलेल्या माणसाला हा प्रश्न फार अवघड वाटू नये. किती कुस्त्या मारल्या, हे आपण नंतर विचारतो. आधी विचारतो, जोड कोण होता? मार्सियानोचा सगळा वाद या एकाच शब्दाभोवती फिरतो.

आधी माणूस कोण होता ते थोडक्यात. जन्म १ सप्टेंबर १९२३, मॅसॅच्युसेट्स राज्यातलं ब्रॉक्टन गाव. गाव बुटांच्या कारखान्यांचं, वडील इटलीहून आलेले आणि कारखान्यातच कामाला. मूळ आडनाव मार्केजानो. उच्चाराला जड जातं म्हणून पुढे मार्सियानो झालं. पोराला बेसबॉल खेळायचा होता, १९४७ मध्ये शिकागो कब्जच्या निवड चाचणीलाही गेला, पण तिथून परत पाठवलं. त्यानंतर तो पूर्णपणे बॉक्सिंगकडे वळला.

वस्ताद मिळाला चार्ली गोल्डमन. गोल्डमनसमोर उभा राहिलेला हा गडी हेवीवेटच्या मानाने बुटका, उंची जेमतेम ५ फूट १० इंच, वजन ८४ किलोच्या आसपास. दोन्ही हात पसरले तर ६८ इंच. (पुढच्या पिढीतल्या सनी लिस्टनचे हात ८४ इंच होते, म्हणजे फरक समजा.) पाय जागेवर नाहीत, तोल नाही, पण उजवा हात बसला की समोरचा उठत नाही. गोल्डमनने त्याला उंच करायचा प्रयत्न केलाच नाही. उलट आणखी वाकायला लावलं. खाली दबून आत शिरायचं, अंगावर, दंडावर, कोपरावर, मिळेल तिथे मारत राहायचं. समोरच्याचे हात दुखून खाली आले की मग डोकं मोकळं सापडतं. बघायला देखणं नव्हतं. पण पंधराव्या फेरीतही हा माणूस पहिल्या फेरीच्याच वेगाने हात चालवायचा, आणि हे त्या काळात दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं.

म्हाताऱ्यांना हरवलं?

मार्सियानोच्या विरोधातला सगळ्यात मोठा मुद्दा असा की त्याने नावं मोठी हरवली, पण उतरती. मुद्दा खोटा नाही. २६ ऑक्टोबर १९५१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने जो लुईसला आठव्या फेरीत दोरांपलीकडे फेकलं, तेव्हा लुईस ३७ वर्षांचा होता आणि करखात्याचं देणं फेडायला लढत होता. २३ सप्टेंबर १९५२ ला ज्याच्याकडून विश्वविजेतेपद घेतलं तो जर्सी जो वॉलकॉट ३८ वर्षांचा. एझार्ड चार्ल्स तेहतिशीला टेकलेला, पण पायाखालून ९० हून जास्त लढती गेलेल्या. आणि शेवटचा आर्ची मूर, त्याचं वय तर त्यालाच माहीत. कमीत कमी ३८.

इथपर्यंत सगळे सांगतात. पण हे लोक विजेतेपदापर्यंत पोचायला म्हातारे का झाले, हे फार कमी जण विचारतात.

वॉलकॉट १९३० पासून लढत होता. सहा पोरांचा बाप, बराच काळ मजुरीवर घर चालवणारा. १९४७ मध्ये त्याने लुईसला दोनदा खाली पाडलं, तरी पंचांचा कौल लुईसकडे गेला. गार्डनमधले पुष्कळ लोक त्या निकालावर ओरडले होते. पाचव्या प्रयत्नात, ३७ व्या वर्षी, १९५१ मध्ये त्याला पट्टा मिळाला. चार्ल्सने ऐन भरात असताना आर्ची मूरला तीन वेळा हरवलं, पण लाइट हेवीवेटच्या विजेतेपदासाठी त्याला कधी उभंच केलं नाही. शेवटी तो वरच्या वजनात गेला. मूरची कथा त्याहून वाईट. १९३० च्या दशकात सुरुवात केलेल्या या माणसाला पहिली विजेतेपदाची लढत मिळाली डिसेंबर १९५२ मध्ये. तीही विजेत्या जोई मॅक्सिमला एक लाख डॉलरची हमी देऊन. मूरच्या हातात आले ८०० डॉलर.

तिघेही कृष्णवर्णीय होते. त्या काळातल्या बॉक्सिंगमध्ये कोणाची लढत कोणाशी लावायची हे मॅनेजर, आयोजक आणि त्यांच्यामागचे गुंड ठरवायचे, आणि धोकादायक काळ्या बॉक्सरला टाळणं हा सरळ व्यवहार होता. म्हणून "त्याने म्हाताऱ्यांना हरवलं" हे वाक्य मार्सियानोला कमी लेखायला वापरलं जातं, पण त्यात खरा अन्याय झाला तो समोरच्या तिघांवर. आणि दुसरं, हे तिघे म्हातारे असले तरी संपलेले नव्हते. मूर मार्सियानोकडून हरल्यानंतरही कित्येक वर्षं लाइट हेवीवेटचा विजेता होता.

मार्सियानोचं कर्तृत्व समजायचं असेल तर वॉलकॉटविरुद्धची पहिली लढत बघावी, फिल्म उपलब्ध आहे. फिलाडेल्फियाचं मैदान. पहिल्याच फेरीत डाव्या हुकने मार्सियानो खाली, कारकिर्दीत पहिल्यांदा. मधल्या काही फेऱ्यांत डोळ्यांत काहीतरी गेलं, नीट दिसेना. वॉलकॉट म्हातारा, पण त्या रात्री आयुष्यातली एक सर्वोत्तम लढत लढत होता. बारा फेऱ्या संपल्या तेव्हा तिन्ही पंचांच्या कागदावर वॉलकॉट पुढे. म्हणजे उरलेल्या तीन फेऱ्या नुसत्या जिंकून मार्सियानोचं भागणारं नव्हतं, त्याला पाडावंच लागणार होतं. तेराव्या फेरीत अर्धं मिनिट झालं असेल नसेल, वॉलकॉट दोरांजवळ गेला, दोघांनी एकाच वेळी उजवा हात सोडला, मार्सियानोचा आधी पोचला. फार लांबून आलेला ठोसाही नव्हता तो. वॉलकॉट एका हाताने दोराला अडकून हळूहळू खाली बसला.

दोन वर्षांनी चार्ल्सविरुद्धच्या दुसऱ्या लढतीत नाक मधोमध फाटलं. लढत थांबवतील अशी वेळ आली होती. आठव्या फेरीत त्याने चार्ल्सला झोपवलं. मूरनेही दुसऱ्या फेरीत त्याला पाडलं होतं, नवव्या फेरीत मूर संपला. हरायच्या जागेवरून परत येणं ही या माणसाची खासियत, आणि ४९-० या आकड्यात नेमकी तीच दिसत नाही.

आकड्याची दुसरी बाजू

आता उलट बाजूही बघायला हवी. विजेतेपदाचा बचाव त्याने फक्त सहा वेळा केला. लुईसने २५ वेळा केला होता. मार्च १९५० मध्ये रोलंड ला स्टार्झाविरुद्ध त्याचा विजय इतका निसटता होता की एक पंच इकडे, एक तिकडे, तिसऱ्याने फेऱ्या समान देऊन पूरक गुणांवर निकाल दिला. ते गुण उलटे पडले असते तर आज ४९-० ची गोष्टच राहिली नसती. क्यूबाच्या निनो वाल्डेसने १९५३ मध्ये चार्ल्सला हरवलं आणि आव्हानवीरांत वरच्या क्रमांकावर आला, पण मार्सियानोशी त्याची लढत कधीच झाली नाही. ब्रिटनचा डॉन कॉकेल मात्र १९५५ मध्ये मिळाला. त्या लढतीबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही.

१९५२ च्या ज्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये आपल्या खाशाबा जाधवांनी कांस्य मिळवलं, तिथेच १७ वर्षांच्या फ्लॉइड पॅटरसनने मिडलवेटचं सुवर्ण घेतलं होतं. एप्रिल १९५६ मध्ये, ३२ व्या वर्षी, मार्सियानो निवृत्त झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पॅटरसनने मूरलाच हरवून रिकामं विजेतेपद घेतलं. म्हणजे तरुण जोड तयार होत होता, पण मार्सियानोची त्याच्याशी गाठ पडली नाही. त्याला घाबरून निवृत्त झाला असं मी म्हणणार नाही. पाठ दुखत होती, मॅनेजर अल वाइलशी बिनसलं होतं. पण अलीच्या खात्यावर लिस्टन, फ्रेझर, फोरमन आहेत तसं मार्सियानोच्या खात्यावर ऐन तारुण्यातलं मोठं नाव नाही, हे खरंच आहे.

मग अंगकाठीचा प्रश्न. आजच्या नियमांत ८४ किलोचा माणूस हेवीवेटमध्ये येतच नाही, त्याला क्रूझरवेटमध्ये लढावं लागेल. जो फ्रेझरची शैली त्याच्याच जातीची, वजन दहा-बारा किलो जास्त, आणि जॉर्ज फोरमनने जानेवारी १९७३ मध्ये किंग्स्टनला त्याला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. फोरमनसमोर मार्सियानोचं काय झालं असतं, याचं उत्तर त्याच्या चाहत्यांना आवडणारं नाही.

हा वाद संगणकानेही सोडवून बघितला. १९६९ मध्ये बंदीमुळे घरी बसलेला अली आणि १३ वर्षांपूर्वी निवृत्त झालेला मार्सियानो, डोक्याला टोप लावून, मायामीत कॅमेऱ्यासमोर एक-एक मिनिटाच्या खोट्या फेऱ्या लढले. शेवट वेगवेगळे चित्रित केले होते. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेत दाखवलं त्यात मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकला, युरोपात दाखवलं त्यात अली जिंकला. संगणकालाही गिऱ्हाईक ओळखता येतं म्हणायचं! मार्सियानोला निकाल कळलाच नाही. ३१ ऑगस्ट १९६९ ला, ४६ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आयोवात विमान कोसळून तो गेला.

जाणकारांच्या याद्याही निखळ नसतात. 'द रिंग' मासिकाचे संस्थापक नॅट फ्लेशर यांनी १९५८ मध्ये हेवीवेटची यादी केली, त्यात जॅक जॉन्सन पहिला, लुईस सहावा आणि मार्सियानो दहावा, मॅक्स श्मेलिंगच्याही खाली. आपल्या तरुणपणी बघितलेले पहिलवान सगळ्यांनाच मोठे वाटतात.

पुढे लॅरी होम्स ४८-० वर पोचला. २१ सप्टेंबर १९८५ ला, मार्सियानोने मूरला हरवल्याला बरोबर ३० वर्षं झाली त्या दिवशी, मायकेल स्पिंक्सने त्याला गुणांवर हरवलं. चिडलेला होम्स मार्सियानोला आपला लंगोटही पेलला नसता अशा अर्थाचं बोलून गेला, मग माफी मागावी लागली. २०१७ मध्ये फ्लॉइड मेवेदरने ५०-० केलं. पण तो हेवीवेट नव्हता, आणि पन्नासावा प्रतिस्पर्धी कॉनर मॅकग्रेगर, ज्याची ती पहिलीच व्यावसायिक बॉक्सिंग लढत.

माझ्या हिशोबात हेवीवेटमध्ये अली, लुईस, होम्स आणि फोरमन मार्सियानोच्या वर आहेत. जॅक जॉन्सनही वर. मार्सियानो सहावा किंवा सातवा, फ्रेझरच्या शेजारी, आणि त्या दोघांत कोण वर यावर कुणी वाद घालत असेल तर मी मार्सियानोच्या बाजूने उभा राहीन. सगळ्या वजनांची एकत्र यादी केली तर मात्र तो पहिल्या दहात बसत नाही. तिथे शुगर रे रॉबिन्सन, हेन्री आर्मस्ट्राँग यांच्याबरोबर एझार्ड चार्ल्सचं नाव त्याच्या आधी घ्यावं लागतं, जरी मार्सियानोने त्याला दोनदा हरवलं असलं तरी.