चित्रपटाची आद्य रंगभूषा : रंगपट कीं अंधारी खोली ?

सातारा जिल्ह्यांतील कोरेगांव पुणें-मिरज लोहमार्गावर आहे. तेथून दक्षिणेस गेल्यास सांगली लागते आणि मिरजेच्या पुढें कोल्हापूर. सांगलीस विष्णुदास भावे यांनीं इ. स. १८४३ मध्यें ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणिलें. कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांनीं ‘सैरंध्री’ हा मूकपट सिद्ध करून इ. स. १९२० मध्यें लोकांपुढें ठेविला. एकाच मुलुखांतील या दोन घटना पाहतां सहजच असा समज होतो कीं, चित्रपटाचा रंगभूषाकार म्हणजे नाटकाच्या रंगपटांतून उठून कॅमेऱ्याशेजारीं येऊन बसलेला कारागीर होय. आमच्या मतें हा समज टिकत नाहीं.

नाटकाचा रंग हिलालांच्या व तेलाच्या दिव्यांच्या पिवळसर, हलत्या उजेडासाठीं घडला. शेवटच्या रांगेंतील प्रेक्षकास देव कोणता आणि राक्षस कोणता हें ओळखूं यावें, हें त्याचें मुख्य काम. सफेदा, पिवडी, हिंगूळ व काजळ ही त्याची सामग्री, आणि तींत हिंगूळ हा राजा. चित्रपटाच्या आरंभींच्या फितीस नेमका हा राजाच मानवला नाहीं. ती फीत निळा प्रकाश चांगला टिपी. लाल रंगास मात्र ती जवळजवळ आंधळी असे. त्यामुळें ओठांवरील हिंगूळ पडद्यावर काळा उमटे, गालांवरील लाली खळग्यासारखी दिसे आणि गव्हाळ कांतिही मुळापेक्षां सांवळी होई. नाटकाच्याच रीतीनें रंगविलेली नायिका येथें बसलेल्या गालांची व काळ्या ओठांची दिसावयाची ! तेव्हां या कामीं लागणारें ज्ञान रंगपटांतलें नव्हे, तर छायाचित्रकाराच्या अंधाऱ्या खोलींतलें होतें.

धुंडिराज गोविंद फाळके यांजपाशीं तें होतें. त्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरीं इ. स. १८७० मध्यें झाला. मुंबईची जे. जे. कलाशाळा व बडोद्याचें कलाभवन येथें शिक्षण, गोध्र्यास छायाचित्रांचा धंदा, पुढें ठसे व छपाई, असा त्यांचा क्रम आहे. नाटकमंडळ्यांचे पडदेही त्यांनीं रंगविले आणि एखादी किरकोळ भूमिकाही केली. परंतु रंगांचें काळ्या-पांढऱ्यांत रूपांतर कसें होतें, हें त्यांनीं वर्षानुवर्षें स्वहस्तें अनुभविलें होतें. इ. स. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटांत कथा, दिग्दर्शन व फीत धुणें यांप्रमाणें रंगभूषाही त्यांचीच. स्वतंत्र रंगभूषाकार त्या वेळीं नव्हताच.

तारामतीच्या भूमिकेसाठीं स्त्री मिळेना, म्हणून ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहांत दरमहा १० रुपयांवर काम करणारे अण्णा साळुंके यांस १५ रुपये देऊन आणावें लागलें. मिशी उतरविणें हें पितृनिधनाचें चिन्ह मानलें जाई, त्यामुळें स्त्रीभूमिका करणारे पुरुष ती काढण्यास नाखूष असत. म्हणजे चित्रपटांतील रंगभूषेचा पहिला प्रश्न रंगाचा नव्हे, वस्तऱ्याचा होता ! चित्रण दादरच्या उघड्या उन्हांत चाले. अशा वेळीं सरस्वतीबाई फाळके पांढरी चादर धरून उभ्या राहत व ऊन पात्रांवर परतवीत. डोळ्यांखालची व हनुवटीखालची छाया उजळणें हें काम आपण रंगाच्या डबीकडे सोंपवितों. येथें त्यांत चादरीचाही वांटा होता. या बाईंची गणना रंगभूषेच्या इतिहासांत कोणी करीत नाहीं. ती करावयास पाहिजे.

इ. स. १९१७ च्या ‘लंकादहन’ मध्यें राम व सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनींच केल्या. पण सर्वांत बोलका पुरावा इ. स. १९१९ च्या ‘कालियामर्दन’ चित्रपटांत आहे. आरंभीं फाळके यांची लहान कन्या मंदाकिनी हिच्या मुद्रेवरील निरनिराळे भाव दाखविले आहेत. नंतर तोच चेहरा पाहतां पाहतां विरतो आणि त्याच्या जागीं श्रीकृष्ण प्रकटतो. नाटकवाला रंगपटाचें दार लावून घेतो. फाळके यांनीं तें प्रेक्षकांसमोर उघडलें. मुखाचें रूपांतर हाच ज्याला देखावा वाटला, तो माणूस केवळ उसन्या रंगावर भागवीत नव्हता. दाढ्या, टोप, मुकुट यांचें ऋण मात्र रंगभूमीचेंच, हें नाकारण्याचें कारण नाहीं.

कोल्हापुराकडे पाहतांही हेंच दिसतें. बाबूराव पेंटर हे चित्रकार व शिल्पकार. चुलतबंधु आनंदराव यांजबरोबर त्यांनींही नाटकांचे पडदे रंगविले, आनंदराव इ. स. १९१६ मध्यें वारल्यावर बाबूरावांनीं कॅमेरा घडवून घेतला. ‘सैरंध्री’ मधील कीचकवधाचा देखावा इतका खरा वाटला कीं, पुढें तो गाळावा लागला.

इ. स. १९३० च्या सुमारास सर्व रंगांस जाणणारी फीत व विजेचे नवे दिवे रूढ झाले आणि ओठांवरील लाल रंग काळा होण्याचें भय सरलें. तथापि रंग रंगासारखा दिसणें अजून दूर होतें. बाबूरावांच्या हाताखालीं तयार झालेल्या मंडळींनीं इ. स. १९२९ मध्यें ‘प्रभात’ कंपनी काढिली होती, तिनें इ. स. १९३३ मध्यें तीच ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचें धाडस केलें. चित्रपटाचे संस्कार जर्मनींत करविले, परंतु रंग मनाजोगे उतरले नाहींत.