वाड्यातली पद्मिनी

आमच्या अमरावतीच्या जुन्या वाड्याचा सौदा गेल्या वर्षी ठरला. सगळ्यांच्या सह्या झाल्या, फक्त काकांची राहिली. काकांचं वय ८६. त्यांची अट एकच होती. कडुलिंबाखाली उभी असलेली फियाट भंगारवाल्यानं ओढून न्यायची नाही, ती स्वतःच्या चाकांवर दाराबाहेर जाईल. चुलतभावानं कपाळाला हात लावला. गाडी २००६ पासून जागची हललेली नव्हती.

फियाट म्हणायचं ते सवयीनं. कागदावर ती प्रीमियर पद्मिनी, १९७८ ची. नंबरही एमएच-२७ येण्याआधीचा, तीन अक्षरी. आता मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांमुळं ही गाडी लोकांना मुंबईचीच वाटते. त्यातली शेवटचीसुद्धा ३० ऑक्टोबर २०२३ ला निवृत्त झाली, तेव्हा पेपरांत रकानेच्या रकाने भरून आले होते. पण वऱ्हाडातल्या वकिलाच्या, डॉक्टरच्या, जिनिंगवाल्याच्या दारातही हीच गाडी असायची. तिच्यावर कोणी लिहीत नाही, म्हणून हा खटाटोप.

मुळात ही गाडी एका सोलापूरकराच्या हट्टाची. वालचंद हिराचंद यांनी आधी बोटी काढल्या, मग बंगळूरला विमानाचा कारखाना काढला आणि मोटारीचं तर त्यांनी डोक्यातच घेतलं होतं. आराखडा विश्वेश्वरय्यांचा, पण इंग्रज सरकार ताकास तूर लागू देईना. युद्ध चालू असताना मोटार कारखाना म्हणजे युद्धोपयोगी काम नव्हे, असं उत्तर मिळालं! शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन झाली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि स्वातंत्र्याच्या वर्षी तिथून क्रायस्लरच्या गाड्या जुळवून बाहेर पडू लागल्या. वालचंद १९५३ मध्ये गेले. त्याच सुमारास सरकारनं ठरवलं की नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांनी इथं थांबू नये. जनरल मोटर्स आणि फोर्डनं गाशा गुंडाळला. कुर्ल्यात मात्र १९५४ पासून फियाट ११०० तयार होऊ लागली. मुंबईकरांनी तिच्या तोंडावळ्यावरून तिला 'डुक्कर फियाट' म्हणायला सुरुवात केली. १९६४ मध्ये नवं रूप आलं, ११०० डिलाइट. पुढं इटलीशी असलेला करार संपला, तसं नाव बदललं. आधी प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. पत्रा तोच, इंजिन तेच १०८९ सीसीचं. इटलीनं ते मॉडेल केव्हाच सोडून दिलं होतं. आपण ते शतक संपेपर्यंत बनवत राहिलो.

आपण मागे राहिलो, असं यावर सरसकट म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. स्पर्धा नव्हती हे खरंच. अम्बॅसॅडर, फियाट आणि स्टँडर्ड, संपली यादी. पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायची. पण पंचवीस वर्षं गाडी न बदलल्यामुळं आणखी एक गोष्ट झाली, आणि ती मला या निमित्तानं कळली. गावोगावच्या मिस्त्र्यांना ही गाडी तोंडपाठ झाली.

काकांनी गाडी नोंदवली तेव्हा शेत दर्यापूरकडं, खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी खारट, सगळी भिस्त पावसावर आणि कापसावर. १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना आली होती. कापूस सरकारला घालायचा आणि चुकारा हप्त्याहप्त्यानं घ्यायचा. काकूला त्या पैशात पाटल्या हव्या होत्या. "तुह्या काकानं पाटल्यायची गाडी केली," असं ती शेवटपर्यंत म्हणायची. गाडी आली त्या दिवशी तिनं ओवाळलं मात्र तिनंच.

असो. मिस्त्री अकोल्याचे. पूर्वी ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी काम करायचे, मग मुलाकडं अकोल्याला गेले. फोन केला तर म्हणाले, "सेल्फ मारू नोका भाऊ. हात लावू नोका. मी येतो." त्यांना येऊन जाऊन राहणं सोपं झालंय. अमरावती-अकोला रस्ता म्हणजे तोच, ज्याच्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीजचा विक्रम झाला. (त्याआधी कित्येक वर्षं त्या रस्त्यानं आमच्या कंबरेचे जे विक्रम केले, त्यांची नोंद कुठंच नाही.)

सेल्फ का मारायचा नाही, ते त्यांनी बॉनेट उघडल्यावर सांगितलं. इतकी वर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला धरून बसतात. एकदम जोर दिला की रिंग तुटते किंवा भिंतीला चरा पडतो. म्हणून चारही प्लग काढले, भोकांतून रॉकेल आणि ऑइल मिसळून थोडंथोडं सोडलं आणि दोन दिवस तसंच ठेवलं. तोवर चाकं. या गाडीला चारही बाजूंना ड्रम ब्रेक. मागचे दोन्ही इतके धरले होते की ठोकून ठोकून ड्रम काढावे लागले. आतल्या सिलिंडरांची रबरं अमरावतीच्या उन्हानं बिस्किटासारखी झाली होती. टाकीतून निघालं ते पेट्रोल नव्हतंच, वॉर्निशच्या वासाचा तांबूस काढा होता. एअर क्लीनरमध्ये उंदराचं घरटं. कापसाचं! वऱ्हाडातला उंदीर आणखी कशाचं करणार?

तिसऱ्या दिवशी गाडी चौथ्या गिअरात टाकून आम्ही तिघांनी पुढं-मागं हलवली. पहिल्यांदा काहीच नाही. मग पंख्याचं पातं बोटभर सरकलं. मिस्त्री म्हणाले, "जाम नाही झालं भाऊ. झोपून होतं नुसतं."

काका खुर्ची टाकून हे सगळं बघत होते. बोलत नव्हते.

जुनं ऑइल काढून नवं भरलं, पॉइंट पॉलिश पेपरनं घासले, कार्ब्युरेटर खोलून धुतला. पेट्रोल पंपाचा पडदा फाटला होता, म्हणून पाण्याच्या बाटलीत पेट्रोल भरून बाटली बॉनेटला टांगली आणि नळी थेट कार्ब्युरेटरला. नवी रबरं घातली, पण तीही किती टिकतील याची मिस्त्र्यांना खात्री नाही. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या धर्तीची रबरं त्यात फुगतात म्हणे.

कागदांचं मी बघितलं. नोंदणी केव्हाच संपलेली. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी २०२२ मध्येच ६०० वरून ५००० झाली, आणि गाडी पन्नाशीची नसल्यामुळं 'व्हिंटेज'मध्येही बसत नाही. जुनी म्हणून नको आणि पुरेशी जुनी नाही म्हणूनही नको. तेव्हा रस्त्यावर चालवायची नाही. गल्लीत टेम्पो उभा करायचा, तिथपर्यंत जायचं आणि पुढं मिस्त्र्यांकडं अकोल्याला. कागद होतील तेव्हा होतील.

चौथ्या दिवशी सकाळी सेल्फ मारला. दोनदा नुसतं खाकरलं. तिसऱ्यांदा निळ्या धुराचा लोट आला, कडुलिंबावरचे कावळे उडाले आणि इंजिन धरलं. चुलतभाऊ मोबाइलवर चित्रण करत होता, ते हातानं इतकं हललंय की काही दिसत नाही. नुसता आवाज येतो.

मी चालवायला बसलो, काका शेजारी. गिअर स्टिअरिंगला, डावीकडं. मी असला गिअर जन्मात टाकला नव्हता. दोनदा करकरला. काकांनी माझा हात बाजूला केला आणि त्यांच्या बाजूनं हात लांबवून पहिला टाकला. "क्लच हळू सोड," म्हणाले.

दाराबाहेर पडल्यावर टेम्पो डावीकडं उभा होता. "उजवीकडून घे," काका म्हणाले. मी कागदांची आठवण करून दिली. ते काहीच बोलले नाहीत, समोर बघत राहिले. मी उजवीकडं वळवली. मारुतीच्या देवळाला वळसा घालून आलो, तेव्हा मिस्त्री टेम्पोच्या फळीपाशी हात पुसत उभे होते. काकांनी सह्यांचे कागद मागितले ते गाडीतच बसून, इंजिन बंद करू न देता.