बासी ईद आणि राणीची बाग

ईदच्या दिवशी नमाज, शीरखुर्मा आणि नातेवाईक. दुसऱ्या दिवशी, म्हणजे बासी ईदला, राणीची बाग. मदनपुऱ्यात वाढलेल्या माझ्यासारख्या मुलांचं हे वेळापत्रक ठरलेलं असायचं. मला आठवणारी पहिली फेरी 1983 ची. ईद जुलैत आली होती, धो धो पाऊस होता. अब्बांच्या हातात छत्री, अम्मीच्या हातात डबा आणि नव्या चपला चिखलात बरबटलेल्या. हत्ती पाहिल्याशिवाय घरी जायचं नाही म्हणून मी रडलो होतो.

चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असतं. त्यामुळे ईद दरवर्षी थोडी मागे सरकते आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. 1990 मध्ये ती एप्रिलअखेर होती, 1997 मध्ये फेब्रुवारीत. 2000 साली तर जानेवारीत एक आणि डिसेंबरात दुसरी, अशा दोन रमजान ईद आल्या. 2016 मध्ये ती पुन्हा जुलैत आली. म्हणजे नुसत्या बासी ईदला जाऊनही आमच्या घराने ही बाग उन्हात, पावसात, थंडीत पाहिली. उन्हाळ्याच्या तोंडी उर्वशीच्या झाडाला लाल झुबके लटकलेले असतात. पावसाळ्यात गोरखचिंचेला पांढरी फुलं येतात आणि हिवाळा सरता सरता तेच झाड उघडंबोडकं उभं असतं. हे झाड मूळचं आफ्रिकेचं. अरब व्यापाऱ्यांबरोबर ते आपल्या किनाऱ्यावर आलं असं मानलं जातं. आज त्याला कोणी परकं म्हणत नाही, नावसुद्धा गोरखनाथांचं आहे.

बागेचा इतिहासही असाच सरमिसळ आहे. पश्चिम भारताच्या कृषी व बागकाम संस्थेची जुनी बाग शिवडीला होती. ती जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठी गेली आणि भायखळ्याला 33 एकरांवर नवी बाग उभी राहिली. 19 नोव्हेंबर 1862 रोजी गव्हर्नर फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते ती खुली झाली. नाव दिलं इंग्लंडच्या राणीचं. 1873 मध्ये ती संस्था मोडली आणि बाग पालिकेकडे आली. 1890 मध्ये आणखी 15 एकर जोडून प्राणिसंग्रहालय वाढवण्यात आलं.

दाराशी असलेला घड्याळाचा मनोरा डेव्हिड ससून यांच्या नावाचा. ते बगदादहून आलेले यहुदी. शेजारचं वस्तुसंग्रहालय 1872 मध्ये उघडलं. त्यासाठी झटणारे डॉ. भाऊ दाजी लाड आणि जगन्नाथ शंकरशेट. 1975 पासून त्याला भाऊ दाजींचं नाव आहे. बाहेरचा दगडी हत्ती घारापुरीचा. याच हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. 1864 मध्ये त्याला विलायतेला नेताना क्रेन तुटली, हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे इथे आणले गेले आणि 1914 मध्ये जोडले गेले. ज्याच्यामुळे फोर्टातल्या भागाला काळा घोडा हे नाव पडलं, तो घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा पुतळा, 1965 पासून इथेच आहे.

बागेभोवती वस्ती होती गिरणगावाची. लालबाग-भायखळ्याचे कोकणी-घाटी गिरणी कामगार आणि मदनपुऱ्यातले, उत्तर प्रदेशातून आलेले विणकर मोमीन. दोघांचीही खोली दहा बाय दहाची. अशा घरांना अंगण नसतं. राणीची बाग हे त्यांचं अंगण होतं. आम्ही दस्तरखान पसरायचो, बाजूचं कुटुंब चटईवर भाकरी सोडायचं. अम्मीने शीरखुर्म्याची वाटी पुढे केली की तिकडून चकली नाहीतर लाडू यायचा. मला मराठी शाळेत नव्हे, या चटयांवर आधी कळू लागली.

2016 मध्ये पेंग्विन आले आणि 2017 मध्ये तिकीटही वाढलं. मोठ्यांचं पाच रुपयांचं तिकीट पन्नास झालं. कुटुंबासाठी शंभर, पण कुटुंब म्हणजे आई, वडील आणि दोन मुलं. प्राण्यांची निगा राखायला पैसा लागतो, हे मान्य. नवे पिंजरे जुन्यांपेक्षा खरोखर चांगले आहेत. पण बासी ईदला निघणाऱ्या आमच्या घरात फुफी असते, तिची तीन मुलं असतात, शेजारचं एखादं पोर असतं. गणपतीत गावाहून आलेल्या कुटुंबाचंही तसंच. तिकीट खिडकीवरची कुटुंबाची व्याख्या आणि चाळीतली व्याख्या एक नाही.

सध्या बागेचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे आणि ते योग्यच आहे. तरी मराठी आजी 'राणीची बाग' म्हणते आणि आमची दादी 'रानी बाग' म्हणायची. एका 'ण'चा काय तो फरक. वर्गात मराठीचा 'ण' शिकवताना मी हेच उदाहरण देतो आणि मुलं हसतात.

2025 मध्ये ईद मार्चअखेर आली. अम्मीला आता फार चालवत नाही. ती दगडी हत्तीजवळच्या सावलीत बसली आणि मुलीने तिला हत्तीची गोष्ट वाचून दाखवली. अम्मी म्हणाली, "टूटा तो टूटा, जोड़ा तो सही." मग तिने डबा उघडला आणि बाजूला बसलेल्या अनोळखी बाईंपुढे आधी वाटी धरली.